मेमरी शिल्लक, सीपीयू मोकळा, तरी सगळे थ्रेड थिजतात: लिनक्समधल्या एमएमॅप लॉकचा खोळंबा कसा सोडवायचा

एकाच मोठ्या प्रोसेसमध्ये शेकडो थ्रेड चालवणारा डेटाबेस, जावाचा सर्व्हर, कॅश किंवा मशीन कंट्रोलचा प्रोग्रॅम अधूनमधून काही क्षण पूर्ण थांबतो आणि मग आपोआप पुन्हा चालू लागतो. रॅम वाढवून बघतात, डिस्क बदलून बघतात, रीस्टार्ट केल्यावर थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. बहुतेक वेळा मूळ एकच निघतं: त्या प्रोसेसच्या पत्त्यांच्या नकाशावरचं लॉक, म्हणजे एमएमॅप लॉक, कुणीतरी गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवतं. पूर्ण तपासणीत एकच सूत्र धरा. थांबलेल्या थ्रेडमध्ये दोष शोधू नका, लॉक ज्याच्या हातात आहे त्याला शोधा. तो थांबलेल्यांच्या यादीत बहुधा नसतोच, कधी तर तो दुसऱ्याच प्रोसेसचा असतो.

कमांड, फाइली आणि फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टाका.

लक्षणं

- प्रतिसादाची सरासरी वेळ ठीक असते, पण पी९९ (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के उत्तरं येतात ती वेळ) काही मिलिसेकंदांवरून एकदम शेकडो मिलिसेकंदांवर जातो. सगळे थ्रेड एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी सुटतात.
- 'पीएस ऑक्स' त्या प्रोसेसपाशी येऊन अडकतं, पण 'पीएस -ई -ओ पीआयडी,कॉम' लगेच उत्तर देतं. हे लक्षण जवळजवळ खात्रीचं आहे. पहिली कमांड प्रोसेसची पूर्ण कमांड लाइन तिच्या मेमरीतून वाचते आणि त्यासाठी तिला हेच लॉक लागतं. दुसरीला लागत नाही.
- लोड अॅव्हरेज चढतं, पण सीपीयू रिकामाच असतो. बरेच थ्रेड डी स्टेटमध्ये, म्हणजे मधे न उठवता येणाऱ्या झोपेत, असतात.
- त्या थ्रेडच्या कर्नेल स्टॅकमध्ये 'आरडब्ल्यूसेम_डाउन_रीड_स्लोपाथ' किंवा 'आरडब्ल्यूसेम_डाउन_राइट_स्लोपाथ' दिसतं.
- डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या नोंदींत) टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकल्याची ओळ येते, किंवा सीपीयू २२ सेकंद अडकल्याची सॉफ्ट लॉकअपची ओळ येते.
- रिअल-टाइम यंत्रावर सायक्लिकटेस्टचा (थ्रेडला जाग यायला किती उशीर होतो ते मोजणाऱ्या साधनाचा) कमाल आकडा तासन्‌तास काही दहा मायक्रोसेकंदांत राहतो आणि मग एकदाच उंच उडी मारतो.

स्टॅक पाहायचा तो प्रॉकखाली (कर्नेल प्रत्येक प्रोसेसची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) त्या पीआयडीच्या टास्क डिरेक्टरीत, प्रत्येक थ्रेडच्या 'स्टॅक' फाइलमध्ये, रूट म्हणून. ही फाइल वाचायला एमएमॅप लॉक लागत नाही. अडकलेल्या प्रोसेसवर पीमॅप, एसमॅप्स किंवा जीडीबी चालवू नका. तुमचं टर्मिनलही त्याच रांगेत उभं राहील आणि रांग आणखी लांबेल.

स्टॅकमध्ये फ्युटेक्स दिसत असेल तर खोळंबा प्रोग्रॅमच्या स्वतःच्या लॉकवर आहे. 'आयओ_शेड्यूल' दिसत असेल तर डिस्ककडे किंवा नेटवर्क फाइलसिस्टिमकडे बघा. या दोन्ही गोष्टींना पुढचं काही लागू नाही.

आत नेमकं काय घडतं

प्रत्येक अॅड्रेस स्पेसला एक एमएमॅप लॉक असतं. कर्नेल ५.८ च्या आधी त्याचं नाव एमएमॅप सेम होतं. ते रीडर-रायटर प्रकारचं आहे. पेज फॉल्ट (अजून न जोडलेल्या मेमरीच्या पेजला प्रोग्रॅमने हात लावणं), एमअॅडव्हाइजचं 'डोंटनीड' आणि प्रॉकमधून नकाशा वाचणारे ते रीडर म्हणून घेतात, त्यामुळे कितीही जण एकत्र आत राहू शकतात. एमएमॅप, एमअनमॅप, एमप्रोटेक्ट, बीआरके (नकाशा बदलणारे सिस्टिम कॉल), फोर्क (प्रोसेसची प्रत बनवणं) आणि मोठी पेजं जोडणारा खह्यूजपेजडी हे ते रायटर म्हणून घेतात, आणि तेव्हा आत दुसरं कुणीच चालत नाही.

खरी अडचण रांगेच्या नियमातून येते. रायटर उपाशी राहू नये म्हणून, तो एकदा रांगेत लागला की नंतर आलेले रीडर त्याच्या मागे उभे राहतात. समजा एक रीडर २०० मिलिसेकंद आत रेंगाळला. एरवी कुणाला पत्ताही लागला नसता. पण तेवढ्यात एका थ्रेडने छोटासा एमअनमॅप मागितला, तर त्या क्षणापासून येणारा प्रत्येक पेज फॉल्ट त्याच्या मागे अडकतो. आपल्याला दिसतात ते हे शेवटचे शंभर थ्रेड. गुन्हेगार सगळ्यात पुढचा रीडर असतो आणि निमित्त मधला रायटर.

म्हणून दुरुस्तीचे मार्ग दोनच: लांब धरणाऱ्याचा वेळ कमी करा, किंवा रायटरची संख्या कमी करा. खालच्या तपासण्या खर्चाच्या चढत्या क्रमाने आहेत. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळत नाही.

१. कर्नेलची आवृत्ती आणि प्रीएम्प्शनचा प्रकार

'यूनेम -आर' आणि 'यूनेम -व्ही'. खर्च शून्य.

या लॉकवरचा भार कर्नेलमध्ये टप्प्याटप्प्याने कमी होत आला आहे. ४.२० मध्ये एमअनमॅप मोठा भाग सोडताना रायटरवरून रीडरवर उतरू लागला. ६.१ मध्ये व्हीएमए (नकाशातले एकेक सलग भाग) मेपल ट्री या नव्या रचनेत गेले. सगळ्यात मोठा फरक ६.४ ने पडला, २०२३ मध्ये. त्यात प्रत्येक व्हीएमएला स्वतःचं लॉक मिळालं आणि अॅनॉनिमस (कुठल्याही फाइलीशी न जोडलेल्या) मेमरीचा पेज फॉल्ट बहुतेक वेळा एमएमॅप लॉकला हात न लावता पुरा होऊ लागला. स्वॅप आणि फाइलींचे फॉल्ट त्यानंतरच्या आवृत्त्यांत या वाटेवर आले.

डेबियन १२ मध्ये ६.१ आहे, म्हणजे मेपल ट्री आहे पण व्हीएमए लॉक नाही. उबंटू २२.०४ चा मूळ कर्नेल ५.१५, २४.०४ चा ६.८. डेबियन १३ मध्ये ६.१२. रेड हॅटसारखे वितरक नवे बदल जुन्या आकड्याच्या कर्नेलात आणतात, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका. बूट डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फाइलमध्ये 'पर_व्हीएमए_लॉक' समोर 'वाय' आहे का ते शोधा. ते नसेल आणि नवा कर्नेल घेणं शक्य असेल, तर आधी चाचणीच्या यंत्रावर तेच करा. पुढचा निम्मा त्रास तिथेच वाचतो.

व्हीएमए लॉक आलं म्हणजे आजार गेला असं मात्र नाही. फॉल्ट एखाद्या व्हीएमएचं लॉक धरून मेमरी मिळण्याची वाट पाहत असेल आणि त्याच व्हीएमएवर एमअनमॅप आला, तर तो एमएमॅप लॉक रायटर म्हणून धरून त्या फॉल्टसाठी थांबतो. मग जुनीच रांग लागते, फक्त कमी वेळा.

आता प्रीएम्प्शन, म्हणजे चालू काम मधेच थांबवून दुसऱ्याला सीपीयू देणं. 'यूनेम -व्ही' मध्ये 'प्रीएम्प्ट_डायनॅमिक' असेल तर डीबगएफएसमधल्या शेड डिरेक्टरीतली 'प्रीएम्प्ट' फाइल वाचा. चालू प्रकार कंसात दिसतो: नन, व्हॉलंटरी किंवा फुल. ६.१३ पासून 'लेझी' हाही पर्याय आला. याच फाइलीत 'फुल' लिहिलं की रीबूट न करता प्रकार बदलतो, म्हणून ही चाचणी स्वस्त आहे. 'नन' वर कर्नेलमधलं लांब काम स्वतःहून 'कॉन्ड_रीशेड' पाशी आलं तरच सीपीयू सोडतं. सॉफ्ट लॉकअपच्या ओळी येत असतील तर हा बदल करून बघण्यासारखा आहे.

प्रीएम्प्शन वाढवलं की लॉकचा खोळंबाही सुटतो, असा गैरसमज इथे फार पसरला आहे, म्हणून थोडं सविस्तर. २०११ च्या ३.० कर्नेलपर्यंत मेमरीचे मॅपिंग सोडताना लागणारी एमएमयू गॅदर ही रचना प्रत्येक सीपीयूच्या खाजगी जागेत असायची. त्यामुळे ते काम चालू असताना प्रीएम्प्शन बंद ठेवावं लागे. पीटर झायल्स्ट्रा यांच्या बदलांनी ती रचना स्टॅकवर आली. रिव्हर्स मॅपिंगची दोन महत्त्वाची लॉक, आय_एमएमॅप आणि अॅनॉन व्हीएमए, स्पिनलॉकवरून म्युटेक्सवर गेली. तेव्हापासून मॅपिंग सोडण्याचं काम मधेच थांबवून दुसऱ्याला सीपीयू देता येतो. पण सीपीयू सोडणारा थ्रेड लॉक सोडत नाही. उलट, कमी प्राधान्याचा थ्रेड लॉक धरलेला असतानाच बाजूला काढला गेला तर लॉक आणखी जास्त वेळ अडकून राहतं. सगळ्या यंत्राला धक्के बसत असतील तर 'प्रीएम्प्ट फुल' उपयोगी पडतं. एकच प्रोसेस थिजत असेल तर त्याने फारसं साधत नाही, कधी बिघडतंही.

व्हर्च्युअल मशीन असेल तर 'टॉप' मधला 'एसटी' आकडाही याच वेळी बघून घ्या. होस्टने व्हीसीपीयूला वेळ दिला नाही तरी आत सॉफ्ट लॉकअपची ओळ उमटते. ती तुमच्या कर्नेलची चूक नसते.

२. प्रॉक कोण वाचतंय

सर्वात जास्त वेळा सापडणारं कारण, आणि तपासायला सर्वात सोपं. मॉनिटरिंगचे एजंट बंद करा, सुरक्षेचा स्कॅनर असेल तर परवानगी घेऊन तोही, आणि खोळंब्याचा नेहमीचा कालावधी जाऊ द्या. थिजणं थांबलं तर पुढचं सगळं सोडून इथेच थांबा.

एसमॅप्स वाचताना कर्नेल प्रत्येक व्हीएमएची पेज टेबलं चालत जातो आणि तेवढा वेळ एमएमॅप लॉक रीडर म्हणून धरतो. शेकडो जीबीचा एकच व्हीएमए असेल तर हे चालणं लांबतं. त्यात एखादा एमएमॅप आला की वर सांगितलेली रांग तयार.

पण खरा घात कंटेनरमध्ये होतो. एजंटने जास्त सीपीयू खाऊ नये म्हणून त्याच्या सीग्रुपला (प्रोसेसच्या गटाला) छोटा कोटा दिलेला असतो. कोट्याचा नेहमीचा कालखंड १०० मिलिसेकंदांचा. एसमॅप्स वाचता वाचता कोटा संपला, तर बऱ्याच कर्नेलांत एजंट लॉक हातात धरूनच पुढच्या कालखंडापर्यंत झोपवला जातो. तो मोकळा होईपर्यंत तुमचा डेटाबेस, त्याला हवा तेवढा सीपीयू असूनही, उभा. एजंटच्या सीग्रुपमधल्या 'सीपीयू.स्टॅट' फाइलीत 'एनआर_थ्रॉटल्ड' वाढत असेल आणि थिजण्याच्या वेळा त्याच्याशी जुळत असतील तर निदान झालं.

दुरुस्ती: एसमॅप्सऐवजी 'एसमॅप्स_रोलअप' वाचायला लावा. ते ४.१४ पासून आहे आणि ५.१० पासून कुणी रायटर थांबला असेल तर मधे लॉक सोडून त्याला वाट देतं. नुसता आरएसएस (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली मेमरी) हवा असेल तर 'स्टॅटएम' पुरे. वाचनाचा काळ १० सेकंदांवरून ६० वर न्या. आणि एजंटचा कडक कोटा काढून त्याला फक्त कमी वजन द्या. कोटा माणसाला सुरक्षित वाटतो, पण दुसऱ्याचं लॉक धरणाऱ्या प्रोसेसला कडक कोटा देणं हे खोळंब्याला आमंत्रण आहे.

३. ट्रान्सपरंट ह्यूज पेज

या सोयीत कर्नेल ४ केबीऐवजी आपोआप २ एमबीची पेजं देतो. सिसएफएसमध्ये कर्नेल, एमएम, 'ट्रान्सपरंट_ह्यूजपेज' या वाटेने जा. 'एनेबल्ड' आणि 'डीफ्रॅग' या दोन फाइली वाचा. चौकटी कंसात असेल तो चालू पर्याय.

'डीफ्रॅग' मध्ये 'ऑलवेज' असेल तर पेज फॉल्टच्या आतच २ एमबीची सलग जागा तयार करण्यासाठी कर्नेल पेजं हलवत बसतो. फॉल्ट लॉक धरून असतो. प्रॉकमधल्या 'व्हीएमस्टॅट' फाइलीतला 'कॉम्पॅक्ट_स्टॉल' एका मिनिटाच्या अंतराने दोनदा नोंदवा. थिजण्याच्या वेळी तो झपाट्याने वाढत असेल तर संशय पक्का. 'डीफ्रॅग' ला 'डिफर+एमअॅडव्हाइज' करा. जागा जुळवण्याचं काम मागे चालणाऱ्या केकॉम्पॅक्टडीकडे जातं आणि फॉल्ट ४ केबीचं पेज घेऊन मोकळा होतो.

खह्यूजपेजडी वेगळा. तो सुटी पेजं जोडून मोठं पेज बनवताना लॉक रायटर म्हणून घेतो. त्याला थोपवायचं तर 'एनेबल्ड' ला 'एमअॅडव्हाइज' करा, म्हणजे प्रोग्रॅमने मागितलेल्या भागापुरताच तो काम करेल. आधी बनलेली मोठी पेजं या बदलाने फुटत नाहीत, म्हणून खरी तुलना प्रोसेस रीस्टार्ट केल्यावरच करा.

सरसकट 'नेव्हर' करण्याची सवय चांगली नाही. रेडिस फोर्क करून स्नॅपशॉट घेतं आणि ५.८ च्या आधीच्या कर्नेलांत त्यानंतर एक बाइट बदलायला २ एमबी कॉपी करावे लागत, म्हणून तिथे बंद ठेवण्याचा सल्ला दिला गेला आहे. मोंगोडीबीचा सल्ला मात्र वर्षानुवर्षं बंद ठेवण्याचा होता आणि ८.० पासून तो चालू ठेवण्याचा झाला. तुमच्या आवृत्तीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघूनच ठरवा.

४. मेमरी कमी नसतानाही होणारा डायरेक्ट रिक्लेम

प्रॉकमधल्या 'प्रेशर' डिरेक्टरीतली 'मेमरी' फाइल वाचा, ४.२० पासून आहे. 'फुल' ओळीतला 'अॅव्हरेज १०' शून्याच्या वर राहत असेल, आणि 'व्हीएमस्टॅट' मधले 'अलॉकस्टॉल' ने सुरू होणारे आकडे व 'पीजीस्कॅन_डायरेक्ट' वाढत असतील, तर पेज फॉल्ट स्वतःच मेमरी मोकळी करत बसला आहे. मेमरी मोकळी करणाऱ्या केस्वॅपडी या कर्नेल थ्रेडला मागच्या मागे ते जमत नाही, कारण त्याला जाग उशिरा येते.

वॉटरमार्क म्हणजे मोकळ्या मेमरीच्या ज्या खुणांवर केस्वॅपडी उठतो आणि थांबतो त्या. 'व्हीएम.वॉटरमार्क_स्केल_फॅक्टर' चा मूळ आकडा १०, म्हणजे मेमरीच्या ०.१ टक्का. ६४ जीबीच्या नोडवर (एका सॉकेटच्या मेमरीवर) दोन वॉटरमार्कमधलं अंतर सुमारे ६५ एमबी पडतं. एकदम काही शेकडो एमबी मागणाऱ्या प्रोसेसपुढे ते काहीच नाही. आकडा १०० करा, अंतर सुमारे ६५० एमबी होईल आणि केस्वॅपडी लवकर उठेल. 'मिन_फ्री_केबाइट्स' ला हात लावण्याआधी हे करा. तो आकडा फार वाढवला तर वापरायची मेमरीच घटते आणि ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) दारात येतो.

कंटेनरमध्ये सगळ्या यंत्राची मेमरी मोकळी असली तरी सीग्रुपची मर्यादा भरलेली असू शकते. 'मेमरी.इव्हेंट्स' मधला 'मॅक्स' चा आकडा वाढत असेल तर मर्यादा वाढवा, यंत्राचे वॉटरमार्क बदलून फरक पडणार नाही.

एकाहून जास्त सॉकेटच्या यंत्रावर 'न्युमा_हिंट_फॉल्ट्स' ही बघा. प्रोसेस आधीच नोडला बांधलेली असेल तर 'कर्नेल.न्युमा_बॅलन्सिंग' शून्य करा. बांधलेल्या प्रोसेसला त्या फॉल्टचा काही फायदा नसतो.

५. प्रोग्रॅम स्वतः किती रायटर तयार करतो

इथून पुढे विकसकाची मदत लागते. 'पर्फ ट्रेस -एस' त्या पीआयडीवर १० सेकंद चालवा आणि एमएमॅप, एमअनमॅप, एमप्रोटेक्ट, बीआरके यांच्या संख्या बघा. एसट्रेस वापरू नका. तो प्रत्येक कॉलला थ्रेड थांबवतो आणि तुम्ही मोजताय तोच आजार वाढवतो.

सेकंदाला हजारो कॉल दिसले तर कारण बहुधा खालच्यापैकी एक असतं.

जीलिबसीचा (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा) मॅलॉक. त्याचा एमएमॅपचा उंबरठा १२८ केबीपासून सुरू होतो आणि ६४ बिटवर आपोआप ३२ एमबीपर्यंत वाढतो. त्यापेक्षा मोठा प्रत्येक बफर म्हणजे एक एमएमॅप आणि एक एमअनमॅप. मुख्य थ्रेडशिवाय इतरांचे अरीना (मॅलॉकचे मेमरीचे साठे) तर एमप्रोटेक्टने वाढतात, तोही रायटरच. प्रोसेस सुरू करताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून 'मॅलॉक_एमएमॅप_थ्रेशोल्ड_' ३३५५४४३२ आणि 'मॅलॉक_ट्रिम_थ्रेशोल्ड_' २६८४३५४५६ द्या. शेवटचा अंडरस्कोर विसरू नका, तो नसेल तर सेटिंग गुपचूप दुर्लक्षित होतं. किंमत अशी की आरएसएस वर राहील. मोठे बफर पुन्हा वापरण्यासाठी पूल ठेवणं हा याहून बरा उपाय.

थ्रेड सतत जन्मणं-मरणं. प्रत्येक थ्रेडला सहसा ८ एमबीचा स्टॅक एमएमॅपने मिळतो. जीलिबसी ४० एमबीपर्यंत जुने स्टॅक राखून ठेवते, त्यापुढचे परत करते. थ्रेड पूल वापरा.

फोर्क. मोठ्या प्रोसेसने एखादी छोटी शेल कमांड चालवायला फोर्क केलं, तर लॉक रायटर म्हणून धरून सगळी पेज टेबलं कॉपी होतात. १०० जीबी अॅनॉनिमस मेमरी ४ केबीच्या पेजांत म्हणजे २.६ कोटी नोंदी, २०० एमबीची कॉपी, आणि तेवढा वेळ त्या प्रोसेसमधला लॉक मागणारा प्रत्येक थ्रेड उभा. 'पॉझिक्स_स्पॉन' वापरा. पायथॉनची सबप्रोसेस लायब्ररी ३.१० पासून शक्य तिथे व्हीफोर्क वापरते, तेव्हा जुनी आवृत्ती असेल तर बदला.

मोठा एमअनमॅप. शेकडो जीबी एका कॉलमध्ये सोडण्याऐवजी आधी ६४ एमबीच्या तुकड्यांत 'डोंटनीड' करा आणि शेवटी रिकामा झालेला भाग एमअनमॅप करा. डोंटनीड रीडर म्हणून चालतो आणि प्रत्येक तुकड्यानंतर लॉक सुटतं, म्हणून रायटर मधे घुसू शकतो. पण फार लहान तुकडे केले तर प्रत्येक वेळी इतर सीपीयूंना टीएलबी (पत्त्यांची कॅश) पुसायला लावणारे इंटरप्ट जातात. एक्स८६ वर 'इंटरप्ट्स' फाइलीतली टीएलबीची ओळ त्यासाठी बघत राहा.

६. लॉक कोण धरतंय ते मोजणं

वरचं सगळं करून खोळंबा राहिला तरच. कर्नेल ५.१९ नंतरचा आणि पर्फ त्याच्याच जोडीचा असू द्या. 'पर्फ लॉक कन्टेन्शन -ए -बी -एल' १० सेकंद चालवा. यादीत एमएमॅप लॉक वर दिसलं तर आता '-ओ' देऊन धरणाऱ्याप्रमाणे मोजा. रायटरचं नाव भरवशाचं असतं. रीडर अनेक असतात आणि कर्नेल फक्त शेवटच्याची खूण ठेवतो, म्हणून रीडरचं नाव इशारा समजा, पुरावा नव्हे.

रीडरला नेमकं पकडायचं तर ५.११ पासून असलेले एमएमॅप लॉकचे ट्रेसपॉइंट लावा: लॉक मिळालं ती वेळ आणि सोडलं ती वेळ. एकाच थ्रेडच्या या दोन नोंदींमधलं अंतर म्हणजे धरलेला काळ. ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त असलेल्याच नोंदी वेगळ्या काढा. फॉल्ट लाखोंनी असतात, म्हणून ट्रेस काही सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका.

७. रिअल-टाइम यंत्र

प्रीएम्प्ट_आरटी ६.१२ पासून मुख्य कर्नेलात आहे. त्यावर साधं स्पिनलॉक झोपू शकणारं लॉक बनतं आणि प्राधान्य उसनं देण्याची सोय मिळते. पण एमएमॅप लॉकच्या बाबतीत ती सोय अर्धीच आहे: थांबलेले रीडर आपलं प्राधान्य रायटरला देऊ शकतात, रायटर मात्र अनेक रीडरना देऊ शकत नाही. म्हणजे प्राधान्य ९० च्या थ्रेडने चुकून एमएमॅप केलं आणि त्याच प्रोसेसमधला साधा लॉगिंगचा थ्रेड फॉल्टच्या मधे बाजूला काढला गेलेला असेल, तर ९० वाला वाट बघतो. कर्नेलचं कुठलंही सेटिंग हे दुरुस्त करत नाही. रिअल-टाइम लूपने त्या लॉकपाशी जायचंच नाही, हा एकच उपाय.

त्यासाठी लूप सुरू होण्याआधी 'एमलॉकऑल' सध्याच्या आणि पुढच्या अशा दोन्ही पेजांसाठी करा. मॅलॉपने ट्रिमचा उंबरठा -१ आणि एमएमॅपची कमाल संख्या ० करा. लागणारे सगळे थ्रेड आधी बनवा. हीप आणि स्टॅकच्या प्रत्येक पेजला एकदा लिहून घ्या. लूप चालू असताना 'पीएस' मधला मायनर फॉल्टचा आकडा हलता कामा नये. हलला तर काहीतरी राहिलं आहे.

एमलॉकऑलने पेज स्वॅपला जात नाही, पण कॉम्पॅक्शन ते हलवू शकतं आणि हलताना फॉल्ट होतोच. 'व्हीएम.कॉम्पॅक्ट_अनएव्हिक्टेबल_अलाउड' शून्य आहे का ते पाहा. आरटी कर्नेलात ते मुळातच शून्य असतं, साध्यावर १. लॉगिंग, नेटवर्क, स्क्रीन हे सगळं वेगळ्या प्रोसेसमध्ये न्या आणि सामायिक मेमरीने जोडा. लॉक प्रोसेसागणिक असतं, त्यामुळे प्रोसेस वेगळी केली की तो खोळंबा मुळातूनच तुटतो.

सायक्लिकटेस्टचे आकडे बघण्याआधी 'एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट' चालवा. फर्मवेअरचे एसएमआय (कर्नेलला न विचारता येणारे इंटरप्ट) काही शे मायक्रोसेकंद खात असतील तर मेमरीच्या लॉकमागे धावण्यात अर्थ नाही.

८. बाहेरचा ड्रायव्हर

डीमेसेजमध्ये अवैध संदर्भातून झोपणारं फंक्शन बोलावल्याची किंवा अॅटॉमिक असताना शेड्यूल केल्याची ओळ असेल, तर कुणीतरी स्पिनलॉक धरून किंवा प्रीएम्प्शन बंद करून मेमरी मागतंय. आरटीवर रॉ स्पिनलॉकखाली 'जीएफपी_अॅटॉमिक' ही चालत नाही, कारण अलोकेटरची आतली लॉक तिथे झोपू शकतात. मेमरी लॉकच्या बाहेर आधीच घ्यावी लागते.

दुसरा नेहमीचा दोष उलट्या क्रमाच्या लॉकचा. ड्रायव्हरचा एमएमॅप हँडलर एमएमॅप लॉक धरलेलं असताना बोलावला जातो आणि आत ड्रायव्हरचं लॉक घेतो. त्याचाच आयऑक्टल आधी ड्रायव्हरचं लॉक घेतो आणि मग 'कॉपी_टू_यूजर' करतो. तिथे फॉल्ट झाला तर एमएमॅप लॉक मागतो. दोन थ्रेड एकमेकांची वाट पाहत कायमचे थांबतात. व्हीएमए लॉकच्या कर्नेलांत हे कमी वेळा घडतं, म्हणून शोधायला आणखी अवघड झालं आहे. दुरुस्ती: डेटा आधी कर्नेल बफरमध्ये घ्या, ड्रायव्हरचं लॉक सोडा, मग यूजरकडे कॉपी करा. पुरावा हवा तर लॉकडेप (लॉकच्या क्रमातल्या चुका पकडणारी कर्नेलची सोय) आणि 'डीबग_अॅटॉमिक_स्लीप' चालू केलेला कर्नेल चाचणीच्या यंत्रावर चालवा. चालू सेवेच्या यंत्रावर नाही, त्याने सगळंच मंदावतं.

कुठे थांबायचं

पुढीलपैकी काही दिसलं तर सेटिंग बदलणं बंद करा आणि जाणकाराला बोलवा.

- लॉक धरणाऱ्याच्या स्टॅकमध्ये तुमच्याकडे सोर्स नसलेलं मॉड्यूल आहे. ते ज्याचं, काम त्याचं.
- लॉकडेपने चक्राकार अवलंबित्व दाखवलं आहे आणि त्यातलं एक लॉक मुख्य कर्नेलचं आहे. कर्नेलवर काम करणाऱ्या माणसाशिवाय इथे पॅच लावू नका.
- धरणारा स्वतः एनएफएस, फ्यूज किंवा स्टोरेजच्या उत्तराची वाट बघतोय. तो स्टोरेजचा प्रश्न आहे.
- एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट मोठे आकडे देतंय, किंवा डीमेसेजमध्ये मशीन चेकच्या ओळी आहेत.
- यंत्र वैद्यकीय उपकरणाचं किंवा सुरक्षा-प्रमाणित कंट्रोलचं आहे. तिथे एक सिसकंट्रोल बदलला तरी प्रमाणपत्राचा प्रश्न येतो, मग तो बदल कितीही बरोबर असो.
- डेटाबेसला कंपनीचा सपोर्ट आहे आणि तपासणी ५ च्या पुढे जायची वेळ आली आहे.

बोलावण्याआधी, आणि मुख्य म्हणजे रीस्टार्ट करण्याआधी, एवढं गोळा करा: 'यूनेम -ए', पूर्ण डीमेसेज, ६० सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या 'व्हीएमस्टॅट' च्या दोन प्रती, सर्व थ्रेडचे कर्नेल स्टॅक, आणि खोळंबा चालू असतानाचं १० सेकंदांचं पर्फ लॉकचं आउटपुट. मॅजिक सिसरिक्यूचं 'डब्ल्यू' अडकलेले टास्क छापतं आणि 'एल' प्रत्येक सीपीयू काय करतोय ते. दोन्ही उपयोगी आहेत. पण सिरियल कन्सोल जोडलेला असेल तर आधी कन्सोलची लॉग लेव्हल खाली आणा. हजारो ओळी ११५२०० बॉडवरून बाहेर पडेपर्यंत छपाईच यंत्र अडवून ठेवते आणि मिळालेल्या नोंदीत मूळ खोळंब्याऐवजी तीच दिसते.